बॉडीवर पैसे संपवू नका

बारावीचा निकाल लागला की किंवा दिवाळीचा बोनस खात्यात जमा झाला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "मुलाला फोटोग्राफीचा नाद लागलाय. डीएसएलआर घ्यायचाय. कोणता घेऊ?" विचारणारे बहुतेक पगारदार, पैसे जपून खर्च करणारे. चाळीस-पन्नास हजार ही त्यांच्या घरात लहान रक्कम नसते, म्हणून मॉडेलचं नाव सांगून मी फोन ठेवत नाही. आधी उलट विचारते, फोटो कशाचे काढायचे आहेत? व्हिडिओ करायचा आहे का? ते फोटो शेवटी कुठे पाहिले जाणार आहेत? याची उत्तरं बऱ्याच घरांत तयार नसतात. ती तयार होईपर्यंत दुकानाची पायरी चढू नका, ही माझी पहिली विनंती.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत सोपा वाटतो, पण निम्मा निर्णय तोच करतो. सहलीचे, वाढदिवसाचे फोटो दिवसाउजेडी काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, एवढंच असेल तर खिशातला मोबाइल पुरे आहे. त्यासाठी डीएसएलआर घेऊ नका. सुरुवातीच्या डीएसएलआरमधला सेन्सर साधारण २२ मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद असतो, आणि बहुतेक मोबाइलच्या मुख्य सेन्सरहून हे क्षेत्रफळ पाचपटीहून जास्त भरतं. पण या मोठ्या सेन्सरचा फायदा उजेड कमी असला, विषय हलता असला, लांबचा असला किंवा फोटो मोठा छापायचा असला तरच डोळ्यांत भरतो. भर दुपारी शनिवारवाड्यासमोर उभं राहून काढलेल्या कुटुंबाच्या फोटोत तो दिसतही नाही.

छापण्यावरून आठवलं. दुकानात मेगापिक्सेलवर फार वेळ जातो. तो घालवू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान उत्तम दर्जात छापायला तो पुरून उरतो. आज बाजारात मिळणारे जवळपास सगळे सुरुवातीचे डीएसएलआर, नवे काय आणि वापरलेले काय, १८ ते २४ मेगापिक्सेलचे आहेत. तेव्हा हा मुद्दा तिथेच सोडून द्या.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण काउंटरवरचा माणूस ती आपणहून सांगेलच असं नाही. डीएसएलआर हा प्रकार मावळतीला लागला आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. त्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे आहे. हे ऐकून पुष्कळ जण बिचकतात. माझ्या मते सामान्य हौशी माणसासाठी यात मोठी संधी आहे. ज्यांनी मिररलेस घेतले ते आपले जुने डीएसएलआर विकायला काढतात. बाजारात चांगल्या स्थितीतल्या बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, आणि लेन्स भरपूर आहेत, आणि शिकण्यासाठी लागणारं सगळं त्यांच्यात आहे. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचं गणित २०१७च्या कॅमेऱ्यात जे होतं तेच आजच्या कॅमेऱ्यात आहे. शिवाय कॅननच्या डीएसएलआरसाठी घेतलेली लेन्स पुढे अडॅप्टर लावून त्यांच्या आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालते. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, चांगली लेन्स तुमच्याबरोबर राहते. म्हणून माझं सांगणं कायम एकच असतं: बॉडी साधी घ्या, वापरलेली घ्या, आणि वाचलेले पैसे लेन्स, आवाज आणि उजेड यांवर घाला. शंभरातले साठ रुपये बॉडी आणि तिच्याबरोबरच्या १८-५५ किट लेन्सला, पंचवीस दुसऱ्या लेन्सला, उरलेले पंधरा कार्ड, जादा बॅटरी, माइक आणि बॅगेला, असा अंदाज धरून चाला.

दुसऱ्या लेन्सवर इतका जोर का, ते स्वयंपाकघरात उभं राहून पाहू. संध्याकाळची वेळ. आजी ओट्याशी भाकरी थापते आहे, डोक्यावर एक ट्यूबलाइट, बाकी अंधारच. तुमच्याकडे किट लेन्स आहे आणि आजीचा चेहरा नि हात एवढंच हवं म्हणून तुम्ही झूम ५५ वर नेलात. तिथे ही लेन्स जास्तीत जास्त एफ/५.६ इतकीच उघडते. हात हलताहेत, म्हणून शटर १/१०० सेकंदाच्या खाली नेता येत नाही. मग कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवत चढवत ६४०० वर जातो. फोटो येतो, पण पिठाचा पांढरा रंग मळकट होतो, सुरकुत्यांच्या जागी रवाळ ठिपके येतात. तीच बॉडी, तीच ट्यूबलाइट, फक्त लेन्स बदलून ५० मिलिमीटर एफ/१.८ लावली की अ‍ॅपर्चरमधून जवळपास दहापट उजेड आत येतो. आयएसओ ६४०० वरून ६४० च्या आसपास उतरतो. तव्यावरची वाफ दिसते, हाताला लागलेलं पीठ दिसतं, मागची भांड्यांची मांडणी हलकी धूसर होते. एवढी उघडी लेन्स वापरताना फोकस नेमका जवळच्या डोळ्यावर हवा, नाहीतर नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे पुसट असा प्रकार होतो. तो सराव दोन-चार दिवसांत जमतो. हा फरक दुप्पट किमतीची बॉडी घेऊन, तिच्यावर पुन्हा किट लेन्सच लावून मिळणार नाही. ५० एफ/१.८ ही कॅननच्या आणि निकॉनच्याही सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. आमच्याकडे देवघरं, मंडप, कीर्तनं, हळदीचे कार्यक्रम, सगळं कमी उजेडातच चालतं, म्हणून ही लेन्स मी चैन समजत नाही.

निकॉन घेणाऱ्यांना इथेच एक सावधगिरीची सूचना. डी३५००, डी५६०० आणि त्यांच्या आधीच्या तशाच छोट्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. निकॉनच्या लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तरच ऑटोफोकस चालेल, आणि एएफ-पी फार जुन्या बॉडींवर चालत नाही. नुसतं एएफ किंवा शेवटी डी असलेली जुनी ५० एफ/१.८ स्वस्तात मिळते, बॉडीवर बसतेही, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने करावा लागतो. अशी लेन्स घेऊन घरी आलेले आणि कॅमेराच बिघडला असं समजून बसलेले लोक मी पाहिले आहेत. कॅननमध्ये ही अडचण नाही. ईएफ आणि ईएफ-एस या दोन्ही प्रकारच्या लेन्स त्यांच्या सुरुवातीच्या डीएसएलआरवर ऑटोफोकससह चालतात.

व्हिडिओचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि सगळ्यांत जास्त फसगत याच बाबतीत होते. त्यामागचं कारण समजून घेतलं तर पुढे कुणी काही विकू पाहिलं तरी तुम्ही हलणार नाही. डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो. फोटो काढताना उजेड त्या आरशावरून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जातो, आणि त्यातला थोडा खाली फोकस करणाऱ्या वेगळ्या सेन्सरकडे जातो. म्हणून फोटोचा फोकस झटपट होतो. व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जाऊन बसतो आणि त्या वेगळ्या सेन्सरचा रस्ताच बंद होतो. आता मुख्य सेन्सरवर जे दिसतं त्यावरूनच कॅमेऱ्याला फोकस शोधायचा असतो. कॅनन १५००डी, ३०००डी, निकॉन डी३५०० आणि डी५६०० यांच्यात तो चाचपडत होतो. लेन्स पुढे-मागे जाते, चित्र धूसर होतं, पुन्हा स्पष्ट होतं. समोरचा माणूस चालत येत असेल तर ते चित्रण हाती लागत नाही. कॅननने २०१३ मध्ये ७०डी या कॅमेऱ्यात ड्युअल पिक्सेल ही पद्धत आणली, ज्यात मुख्य सेन्सरच फोकस झटपट पकडतो. तीच पद्धत २०१७च्या २००डीमध्ये आणि २०१९च्या २००डी मार्क टूमध्ये आली. म्हणजे व्हिडिओ करायचा असेल तर तुमची निवड फार लहान आहे, आणि ते चांगलंच आहे.

आवाजाचा मुद्दा त्याहूनही मोठा. १५००डी, ३०००डी आणि डी३५०० यांना बाहेरचा माइक लावायला भोकच नाही. कॅमेऱ्यातला माइक तुमच्या बोलण्याबरोबर पंखा, रस्त्यावरचे हॉर्न आणि लेन्सच्या मोटरची घरघरही टिपतो. प्रेक्षक थोडं धूसर चित्र चालवून घेतात, पण न समजणारा आवाज अर्ध्या मिनिटात बंद करतात. २००डी, २००डी मार्क टू, ७०डी, डी५६०० यांना माइकची जागा आहे. ज्यांनी आधीच माइक न लागणारा कॅमेरा घेतला आहे त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. साधा कॉलर माइक मोबाइलला लावा, मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून आवाज त्यात मुद्रित करा, आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संगणकावर जोडताना त्या टाळीवर दोन्ही जुळवता येतं. स्थानिक बोलीतल्या ओव्या, जात्यावरची गाणी, गावातल्या वृद्धांच्या आठवणी टिपायची इच्छा असणाऱ्यांना तर मी हेच सांगेन की आधी माइक घ्या, कॅमेऱ्याचं नंतर पाहू.

"फोर-के आहे का?" हा हल्ली पहिला प्रश्न असतो. २००डी मार्क टूच्या खोक्यावर फोर-के लिहिलेलं आहे, आणि त्यात ते आहेही. पण फोर-के सुरू केलं की सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो. त्यामुळे किट लेन्सच्या सर्वांत रुंद टोकालाही चित्र अरुंद होतं आणि हातात धरून स्वतःचं चित्रण करायला गेलात तर पडद्यावर नुसता चेहराच उरतो. त्यातच ड्युअल पिक्सेल फोकसही फोर-केमध्ये चालत नाही. ज्या गुणासाठी हा कॅमेरा घ्यायचा तोच बंद पडतो. म्हणून तो फुल एचडीवरच वापरा. यूट्यूबवर मोबाइलमधून पाहणाऱ्याला तेवढं पुरतं.

सेटिंगची एक गोष्ट आजच करून टाका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. मेन्यूमध्ये व्हिडिओ सिस्टीम पाल ठेवा, सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० ठेवा. नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीच्या उजेडात चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात, आणि लोक कॅमेरा दुरुस्तीला घेऊन जातात. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. हे कॅमेरे एका दमात जास्तीत जास्त अर्ध्या तासाच्या आतबाहेर चित्रण करून थांबतात. दोन तासांचं कीर्तन लावून ठेवलं आणि आपण पंगतीला गेलो, असं चालत नाही. जवळ कुणीतरी बसून पुन्हा बटण दाबावं लागतं.

आता नावं घेऊनच सांगते. फक्त फोटोच काढायचे असतील, ट्रेकिंगला जायचं असेल, तर वापरलेला निकॉन डी३५०० उत्तम. हलका आहे आणि कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो काढतो. हरिश्चंद्रगडावर दोन रात्री मुक्काम केला तरी चार्जर शोधावा लागत नाही. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही हवं आणि पैसे बेताचे असतील तर वापरलेला कॅनन २००डी घ्या. माझ्या मते आजच्या घडीला शिकणाऱ्याच्या पैशाचं सर्वांत जास्त चीज त्यातच होतं. कॅनन १५००डी वाईट नाही. फोटो चांगलेच येतात. पण तोच सुचवला जातो तो दुकानात सहज मिळतो म्हणून, हेही ध्यानात ठेवा. ३०००डी मात्र घेऊ नका. त्याची लेन्स बसते ती कडी प्लास्टिकची आहे, स्क्रीन लहान आहे आणि चष्म्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची सोयही नाही. ज्यांचं मुख्य काम व्हिडिओच आहे आणि नवाच घ्यायचा आहे, त्यांनी डीएसएलआर सोडून सोनी झेडव्ही-ई१०, निकॉन झेड३० किंवा कॅनन आर५० या मिररलेसकडे पाहावं. पहिल्या दोहोंना व्ह्यूफाइंडर नाही, दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, एवढं माहीत असू द्या.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पुढेमागे वेगळा फ्लॅश किंवा ट्रिगर लावायचा विचार असेल तर कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची पट्टी पाहा. तिच्या मधोमध धातूचा एक गोल ठिपका असतो. २००डी मार्क टूमध्ये कॅननने तो काढून टाकला आहे, त्यामुळे इतर कंपन्यांचे बरेच स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर चालत नाहीत. २००डीमध्ये तो आहे. खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नसतं.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा म्हटलं की भीती वाटते. पाहायचं काय हे कळलं की ती पुष्कळ कमी होते. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका. उजेडात बसा, अर्धा तास मागून घ्या. लेन्स काढून हातात घ्या, मोबाइलची बॅटरी लावा आणि मागच्या बाजूने तिरका प्रकाश टाकून आत बघा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. काचेच्या कडेपासून आत पसरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा, कारण ती साफ करायचा खर्च किमतीच्या जवळ जातो आणि पुन्हा उगवणार नाही याची खात्री कुणी देत नाही. मग बॉडी. अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवा, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून पाहा. गोल काळपट डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. सरळ रेघ दिसली तर सेन्सरला ओरखडा आहे, तिथून उठा. जवळच्या वस्तूवरून लांबच्या वस्तूवर आणि परत, असा फोकस दहा-बारा वेळा करून पाहा. आतला फ्लॅश उघडतो का, प्रत्येक बटण चालतं का, आपलं स्वतःचं कार्ड घालून फोटो साठतात का, माइक लावून आवाज येतो का, हे सगळं तिथेच. सुरुवातीच्या या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी बनवलेलं धरतात. निकॉनच्या जेपेग फोटोतच क्लिकचा आकडा साठलेला असतो आणि तो संगणकावर वाचता येतो. कॅननच्या या मॉडेलांत तो फोटोत नसतो, म्हणून पकडीचं रबर पाहा. ते गुळगुळीत झालं असेल, कडांचा रंग उडाला असेल तर ती बॉडी लग्नाच्या हंगामांतून गेलेली असण्याची शक्यता मोठी. मूळ बिल मागा आणि बिलावरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. चोरीचा माल टाळायचा हाच खात्रीचा मार्ग आहे.

नवा घेताना सांभाळायचं ते वेगळं. जीएसटीचं बिल आणि भारतातली कंपनीची वॉरंटी या दोन्ही गोष्टी हव्यातच. त्यांच्याशिवाय दोन-चार हजार कमी सांगणारा बहुधा परस्पर आयात केलेला माल विकतो, आणि तो बिघडला तर भारतातल्या वॉरंटीत बसत नाही. दुसरं म्हणजे दोन लेन्स, तिपाई, बॅग, सगळं एकत्र देणारे कॉम्बो. त्यातली दुसरी लेन्स कोणती ते नीट वाचा. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम असेल तर चांगलं. बऱ्याच कॉम्बोंत ७५-३०० टाकलेली असते. आकडा मोठा दिसतो, पण तिच्यात हाताची थरथर सावरणारी आयएस सोय नाही, आणि ३०० वर हातात धरून काढलेले तिचे बहुतेक फोटो हललेले येतात. किट लेन्स घेतानाही तिच्यावर आयएस, निकॉनची असेल तर व्हीआर, ही अक्षरं आहेत का ते बघून घ्या. तिपाई कॉम्बोमधली नकोच. वाऱ्याने हलणाऱ्या तिपाईपेक्षा खिडकीची चौकट बरी.

पक्ष्यांच्या वेड्यांनो, तुमच्यासाठी थोडं कटू. भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचा थवा टिपायला ५५-२५० पुरेल. झाडावरचा लहानसा पक्षी अंगावरची पिसं मोजता येतील इतका मोठा हवा असेल तर पुरणार नाही, आणि त्यापुढच्या लेन्स बॉडीच्या कितीतरी पट महाग आहेत. पहिल्या वर्षी तो विचार बाजूला ठेवा. त्या मानाने कासची लहान फुलं बेताच्या खर्चात टिपता येतात. किट लेन्स ५५ वर नेऊन विषयाच्या पाव मीटर जवळ जा, सकाळी वारा पडलेला असताना. फुलांवर पाय देऊ नका.

लग्नाच्या ऑर्डरी घेऊन हप्ते फेडू, या हिशोबावर कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका, हे मी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना कळकळीने सांगते. या सगळ्या बॉडींमध्ये कार्डाची एकच जागा असते. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी कार्ड बंद पडलं तर त्या घरच्या लग्नाचे फोटो गेले, ते परत काढता येत नाहीत. दुसऱ्या छायाचित्रकाराच्या हाताखाली जा, शिका, मुख्य जबाबदारी अंगावर घ्यायला वेळ आहे. आणि कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, विश्वासातल्या दुकानातून, ६४ जीबीचं आणि व्ही३० लिहिलेलं घ्या. फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणारी कार्डं बहुधा बनावट असतात.

कॅमेरा आल्यावर काय? दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'ला हात घालण्याआधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून चित्रित केलं आणि त्याची छोटीशी फिल्म केली. आधी गोधऱ्याला छायाचित्रकार म्हणून काम केलेला, छपाईतला जाणकार माणूस, तरी नव्या यंत्राशी ओळख करून घ्यायला त्याने रोपटं निवडलं. तोच प्रयोग आज तुम्ही गॅलरीतल्या कुंडीवर करू शकता. रोज ठरल्या वेळी, कॅमेरा एकाच जागी ठेवून, एकेक फोटो. उजेड कसा बदलतो हे महिनाभरात असं कळेल की मग ऑटो मोडची गरज वाटणार नाही.

आपल्या हवेत कॅमेरा सांभाळणं हा खर्चाचाच भाग धरा. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर दमट हवेत लेन्स बंद बॅगेत किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवली की बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेवा. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा. आणि दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून वापरा, हे सर्वांत मोठं औषध. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेन्स बदलू नका. झूम करताना लांब होणारी किट लेन्स गुलाल आत ओढून घेते, म्हणून त्या दिवशी तिच्यावर प्लास्टिक बांधा, बाहेरून यूव्ही फिल्टर लावा, आणि घरी आल्यावर आधी फुंकणीने धूळ उडवा. ओल्या कापडाने पुसलात तर गुलाल फटींत जाऊन बसतो.

शेवटी घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना, दोघांनाही एक विनंती. घेणाऱ्यांनी बाजारात जाण्याआधी नात्यात, सोसायटीत, ऑफिसात विचारून पाहा. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले डीएसएलआर आज कितीतरी घरांत पडून आहेत. आणि ज्यांच्या घरात असा कॅमेरा आहे त्यांनी तो या आठवड्यात बाहेर काढा, बॅटरी चार्ज करा, लेन्समध्ये मोबाइलची बॅटरी मारून पाहा. वापरणार असाल तर वापरा. नसाल तर पुढचा पावसाळा येण्याआधी शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला वाजवी किमतीत, जमलं तर तसाच, देऊन टाका. देताना चार्जर आणि मूळ बिल द्यायला विसरू नका.